ठासणीचं रिव्हॉल्व्हर: पारख, भरणी आणि निगा

जुनं ठासणीचं रिव्हॉल्व्हर घेणारा एकाच खरेदीत दोन वस्तू घेतो: एक ऐतिहासिक ऐवज आणि एक चालतं यंत्र. या दोघांचं आपसांत फारसं पटत नाही. संग्राहकाला मूळ स्क्रू, मूळ निपल (कॅप बसवायची पोकळ खुंटी) आणि नळीवरची तपकिरी झाक जशीच्या तशी हवी असते. नेमबाजाला नवं निपल, ताजी स्प्रिंग आणि घट्ट बसणारा सिलिंडर (चेंबरं असलेला फिरता दंडगोल) हवा असतो. त्यामुळे नग कशासाठी घ्यायचा, हे आधी ठरवा. निळा मुलामा आणि सिलिंडरवरचं कोरीव चित्र शाबूत असलेला नग कपाटातच शोभतो. बार उडवायला असा नग शोधा, ज्याचा मुलामा कधीच उडून गेलाय पण लोखंड निरोगी आहे आणि यंत्रणा घट्ट आहे. तो स्वस्तही पडतो.

हे रिव्हॉल्व्हर पुढून भरतात. सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर घोडा आपटताच पेटणारी तांब्याची छोटी कॅप चढवायची. सॅम्युअल कोल्टला १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं तिथपासून १८७० च्या आसपास धातूच्या काडतुसांनी बाजार काबीज केला तोवरचा हा काळ. इथे फक्त याच प्रकाराचा विचार केला आहे.

कायदा आधी

अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्यापुरतं ‘अँटिक’ ठरतं, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनच्या १९६८ च्याच फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवलेल्या अँटिकला सूट आहे. त्यातून बार उडवायचा म्हटलं की ती सूट संपते आणि प्रमाणपत्र लागतं. म्हणजे रिव्हॉल्व्हर तेच, पण मालकाचा इरादा बदलला की त्याची कायदेशीर जात बदलते. दारू आणि कॅप यांचे परवाने बऱ्याच देशांत वेगळे असतात, साठ्याची मर्यादाही वेगळी असते. आपल्या देशात काय चालतं ते पैसे मोजण्याआधी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

हातात घेतल्यावर पहिलं काम

जुनं रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे असंच धरून चाला. शंभर-दीडशे वर्षं पेटीत पडलेल्या नगात दारू आणि गोळी तशीच असल्याचं अनेकदा आढळतं, आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीही पेटते. निपलवर कॅप नाही म्हणजे चेंबर रिकामं, असं नाही.

घोडा अर्ध्यावर चढवा, म्हणजे सिलिंडर मोकळा फिरेल. पातळ लाकडी काडी समोरून चेंबरमध्ये तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी सिलिंडरच्या बाहेरून लावून बघा. रिकाम्या चेंबरमध्ये काडीचं टोक निपलच्या बुंध्याजवळ पोचतं. ते मध्येच अडलं तर आत काहीतरी आहे. सगळी चेंबरं सारखीच उथळ असतील तर ‘सगळीकडे सारखं आहे म्हणजे ठीक’ अशी समजूत करून घेऊ नका. सहाही भरलेली असू शकतात. नळीतही काडी घालून खोली मोजा, अडकलेली गोळी तिथेही सापडते. भरलेलं निघालं तर ड्रिल किंवा उष्णता यांपैकी काहीही न लावता सिलिंडर सुटा करून जाणत्या गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या.

काय घ्यावं

बांधणीचे ढोबळ दोन प्रकार. कोल्टचा सांगाडा वरून उघडा असतो. सिलिंडर एका जाड दांड्यावर फिरतो आणि नळी त्याच दांड्यात आडवी पाचर ठोकून धरलेली असते. रेमिंग्टनचा सांगाडा चौफेर बंद, सिलिंडरच्या वरून पट्टी जाते आणि बारीक पिन पुढे ओढली की सिलिंडर बाजूने निघतो. रेमिंग्टन जास्त मजबूत, तिची मागची नेमखाच सांगाड्यातच असल्याने हलत नाही. पण कीट साचलं की तिचा सिलिंडर लवकर जड होतो, कारण बारीक पिनवर ग्रीस धरून ठेवायला जागा नाही. कोल्टच्या दांड्यावर पीळदार खोबणी असते, तिच्यात ग्रीस टिकतं. दिवसभर बार उडवणाऱ्याला हा फरक पहिल्याच तासात कळतो.

कोल्टचं १८५१ चं नेव्ही .३६ कॅलिबरचं (नळीचा व्यास, इंचात), अमेरिकेत दोन लाखांहून जास्त बनलं. त्याच्या सिलिंडरवर १८४३ च्या कांपेचेच्या (मेक्सिको) नौदल लढाईचं चित्र उमटवलेलं असतं. १८४९ चं पॉकेट .३१ चं, संख्येने त्याहूनही जास्त. संग्रहाची सुरुवात करायला ते सोयीचं, पण नेमबाजीला फार लहान. १८६० चं आर्मी .४४ चं, साधारण दोन लाख बनलं आणि त्यातलं मोठं प्रमाण अमेरिकेच्या यादवी युद्धात फौजेकडे गेलं. त्यामुळे झिजलेले, दुरुस्त केलेले नग भरपूर. रेमिंग्टनच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’वर १८५८ च्या पेटंटची तारीख असते. म्हणून सर्रास तिला ‘१८५८’ म्हणतात, पण उत्पादन १८६३ पासूनचं. रॉजर्स अँड स्पेन्सर ही खास नोंद घ्यावी अशी वस्तू: .४४ चे पाच हजार नग सरकारने १८६५ च्या सुमारास घेतले, तोवर युद्ध संपत आलं होतं. ते न वापरताच पडून राहिल्याने आजही चांगल्या अवस्थेत मिळतात, आणि बंद सांगाड्यामुळे नेमबाजांचे लाडके आहेत.

ब्रिटिश बाजूला १८५१ चं अ‍ॅडम्स आणि १८५६ च्या सुमाराचं बोमाँट-अ‍ॅडम्स. नुसता चाप ओढून चालणारी यंत्रणा, एकसंध सांगाडा, पाच चेंबरं. ट्रँटरच्या सुरुवातीच्या नमुन्यांत दोन चाप असतात. ही सुबक असतात, पण सुटे भाग मिळत नाहीत आणि आतली स्प्रिंग तुटली तर ती हाताने घडवून घ्यावी लागते. लेमॅटला नऊ गोळ्यांच्या सिलिंडरच्या मध्यभागी छऱ्यांची जाड नळी असते. तो संग्राहकाचा ऐवज, नेमबाजाचा नाही. १८४७ चं वॉकर तर अवघे अकराशेच्या आसपास बनले आणि त्यांचे सिलिंडर वापरातच फुटल्याच्या तक्रारी तेव्हाच होत्या. मूळ वॉकरमधून बार उडवण्याचा विचारही करू नये.

ज्याने आयुष्यात ठासणीचं शस्त्र चालवलेलं नाही, त्याने आधी इटलीत बनलेली पोलादी सांगाड्याची प्रतिकृती घ्यावी. सगळ्या चुका तिच्यावर करून घ्याव्यात. पितळी सांगाड्याची टाळा. जास्त दारूने पितळ ताणतं, दांडा ढिला होतो आणि सिलिंडरमागच्या भिंतीवर सिलिंडरचे ठसे उमटतात.

नग तपासताना

चांगला स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, बारीक टॉर्च आणि भिंग एवढं जवळ हवं. स्क्रू-ड्रायव्हर समांतर धारेचाच घ्या. साधा, पाचरीसारखा निमुळता पाना शंभर वर्षं जुन्या स्क्रूची खाच एका फटक्यात कुरतडतो. कुरतडलेल्या खाचा दिसल्या की आधी कुणीतरी आत हात घातलाय हे समजावं.

यंत्रणा अशी बघा. घोडा अगदी सावकाश चढवा. शेवटची ‘टक्’ ऐकू येण्याआधी किंवा तेव्हाच खालचा बोल्ट (सिलिंडर जागी अडकवणारी खिटी) सिलिंडरच्या खाचेत पडला पाहिजे. सिलिंडर पुरता फिरायच्या आतच घोडा अडकला, तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नळीच्या काठावर तासली जाते आणि शिसं बाजूने उडतं. हे प्रत्येक चेंबरला वेगळं तपासा, कारण बऱ्याचदा एखाद-दुसरीच खाच झिजलेली असते. घोडा पूर्ण चढलेला असताना त्याला मागून अंगठ्याने हलका रेटा द्या. चाप न ओढता तो सुटला, तर गनस्मिथने दुरुस्त करेपर्यंत ते रिव्हॉल्व्हर भरायचं नाही.

नळी आणि सिलिंडर यांमधली फट फीलर गेजने मोजा. ०.१ ते ०.३ मिलिमीटर चालते. त्याहून मोठी असली तर बाजूने आगीची झोत जास्त, कमी असली तर कीट साचून सिलिंडर दोन फेऱ्यांत जाम. कोल्टमध्ये दांडा सांगाड्यात घट्ट आहे ना हे पाचर काढून, नळी उतरवून बघा. दांडा बोटांनी हलला तर नग नेमबाजीतून बाद. मूळ कोल्टमध्ये दांड्याचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला टेकतं, त्यामुळे पाचर कितीही ठोकली तरी फट बदलत नाही. बऱ्याच प्रतिकृतींत दांडा आखूड असतो. मग पाचर जितकी आत, तितकी नळी मागे येते आणि सिलिंडर दाबला जातो.

नळीत टॉर्च टाकून आतल्या पीळदार खाचा पाहा. गंजाचे उथळ खड्डे नेमबाजीला फारसे आड येत नाहीत. पण एखाद्या ठिकाणी अंधारी गोल कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडल्याची ती खूण. सिलिंडरमध्ये मात्र खड्डे चालत नाहीत. चेंबरच्या भिंती, विशेषतः बोल्टच्या खाचांखालचा पातळ भाग, भिंगातून तपासा. केसासारखी रेघ दिसली की तो सिलिंडर फक्त शोभेचा. त्या काळची लोखंडं आजच्या पोलादाइतकी एकजिनसी नसत, त्यामुळे बार उडवायचा असलेल्या प्रत्येक मूळ नगाचा सिलिंडर चुंबकीय पद्धतीने भेगांसाठी तपासून घेणं शहाणपणाचं.

खरं, खोटं आणि ‘सुधारलेलं’

कोल्टच्या नळीच्या खालच्या भागावर, सांगाड्यावर, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या पट्टीवर एकच क्रमांक हवा. दांडा, पाचर आणि लोडिंग लिव्हरवर (गोळी ठासायच्या तरफेवर) बहुधा त्याचे शेवटचे आकडे असतात. पाचर हरवण्याचं प्रमाण मोठं, त्यामुळे पाचरीचा क्रमांक जुळला नाही म्हणून नग नाकारू नये. सिलिंडर जुळत नसेल तर मात्र किंमत आणि यंत्रणा दोन्ही पुन्हा तपासा, कारण त्या काळी बोल्ट आणि खाचा हाताने जुळवत.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतून प्रतिकृती येतात. त्यांच्यावर गार्दोने व्हाल ट्रॉम्पियाच्या तपासणीगृहाचे शिक्के आणि चौकटीत वर्षाचा संकेत असतो: १९७४ पर्यंत रोमन आकडे, १९७५ पासून अक्षरं. लबाडी करणारा आधी हे शिक्के घासून काढतो, मग आम्लाने गंज चढवतो. घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. बोटाने लागत नाही, पण तिरप्या उजेडात प्रतिबिंब वाकडं दिसतं. दुसरी खूण म्हणजे गंजाच्या खड्ड्यांमधून आरपार जाणारं, कडा धारदार असलेलं अक्षर. खरं अक्षर आधी आणि गंज नंतर, म्हणून गंजाने अक्षर खाल्लेलं हवं. तिसरी खात्रीची परीक्षा आट्यांची: अमेरिकन मूळ नगात आटे इंचाच्या मापाचे, इटालियन नगात बहुतेक मेट्रिक. एक निपल काढून पिच-गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन) लावलं की बऱ्याच गप्पा बंद होतात.

सर्वात जास्त फसवणूक अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या, म्हणजे कॉन्फेडरेट रिव्हॉल्व्हरांत. ग्रिस्वोल्ड अँड गनिसन कारखान्यात पितळी सांगाड्याचे जेमतेम ३,७०० च्या आसपास नग बनले, आणि पितळी प्रतिकृतीला जुनं करणं सोपं. खऱ्या नगाचा सिलिंडर पीळ दिलेल्या लोखंडाचा असल्याने त्यावर तिरप्या बारीक रेषा दिसू शकतात. असा नग तज्ज्ञाच्या लेखी अभिप्रायाशिवाय घेऊ नये.

‘चकचकीत करून दिलेला’ नग म्हणजे बहुतेक वेळा बिघडवलेला नग. पॉलिश केलं की अक्षरं पुसट होतात, कडा गोल होतात, आणि नव्याने दिलेला निळा मुलामा गंजाच्या खड्ड्यांच्या आतही दिसतो. मूळ तपकिरी झाक एकदा घालवली की ती परत येत नाही.

गोळी, दारू, कॅप

काळी दारू किंवा तिच्याऐवजी मिळणारी पर्यायी पावडर यांखेरीज काहीही वापरू नका. धूरविरहित दारू चमचाभर जरी गेली तरी सिलिंडर फुटतो. थोडी मिसळून बघू, हा प्रयोग हात गमावण्याचा. बाजारातल्या पर्यायी पावडरी काळ्या दारूसारख्या आकारमानाने मोजतात, पण काही जास्त जोरदार असतात आणि काहींची राख जास्त गंज आणते. प्रतिकृतीला त्या चालतील, मूळ नगाला अस्सल काळी दारूच बरी. दाणा ‘एफएफएफजी’, म्हणजे तीन एफ.

प्रमाण वजनी काट्याने नव्हे, आकारमानाच्या मापाने मोजतात. माप ग्रेनमध्ये सांगायची पद्धत आहे. १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. प्रतिकृतींना .४४ साठी २५ ते ३०, .३६ साठी १८ ते २२ आणि .३१ साठी १० ते १२ ग्रेन हे नेहमीचे आकडे. शतकभर जुन्या लोखंडाला इतकं कशाला? मूळ .४४ साठी १५ ते २० ग्रेन, .३६ साठी १२ ते १५ पुरतात आणि २५ मीटरवर नेमही जास्त चांगला लागतो.

दारू कमी झाली की चेंबर अर्धं रिकामं राहतं. काळ्या दारूत हवेची पोकळी चालत नाही. गोळी दारूवर दाबून बसलीच पाहिजे. शिवाय गोळी खोल राहिली तर नळीच्या खाचांपर्यंतची तिची उडी लांबते आणि नेम विस्कटतो. म्हणून मधली जागा कोरड्या रव्याने भरतात. हो, स्वयंपाकघरातलाच जाड रवा. २० ग्रेन दारूवर साधारण १५ ग्रेनच्या मापाचा रवा घातला की गोळी तोंडाजवळ येते. रवा दमट असेल तर त्याचा गोळा होतो, तेव्हा तो आधी कोरडा भाजून घ्या.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची. नख दाबलं तर ओरखडा उठायला हवा. टायर-वजनांचं मिश्रधातूचं शिसं कडक असतं. ते ठासताना लिव्हरचा स्क्रू वाकतो आणि चेंबरमध्ये गोळी नीट सील होत नाही. .३६ साठी .३७५ इंचांची, .४४ साठी .४५१ किंवा .४५४, .३१ साठी .३१९ ते .३२३. नक्की कोणती, हे नगाचं चेंबर मोजून ठरवा, छापील कोष्टकावरून नाही. गोळी चेंबरपेक्षा थोडी मोठी हवी; ठासताना तिच्या कडेने शिशाची पूर्ण, अखंड अंगठीसारखी कडी तासली गेली पाहिजे. कडी अर्धवट निघाली तर गोळी एका बाजूने सैल आहे. स्वतः ओतायची असेल तर शिसं ३२७ अंशांना वितळतं, ओतायला ३७० ते ४०० अंश लागतात. .४५४ ची गोळी साधारण ९.१ ग्रॅम भरते. दहा गोळ्या तोलून ०.१ ग्रॅमहून जास्त फरकाच्या बाजूला काढा, आत बुडबुडे असतात. काम मोकळ्या हवेत, आणि पाण्याचा थेंबही भांड्याजवळ नको: वितळलेलं शिसं पाण्याने उसळतं.

कॅप १० आणि ११ क्रमांकाच्या मिळतात, पण दोन कंपन्यांचा ‘१०’ सारखा नसतो. कॅप निपलवर दाबल्यावर टेकली पाहिजे आणि रिव्हॉल्व्हर उलटं झटकलं तरी निघू नये. सैल कॅप चिमटून लंबगोल करणं हा तात्पुरता इलाज आहे, योग्य मापाची कॅप किंवा योग्य निपल हा खरा. जुन्या पत्र्याच्या डबीतल्या मूळ कॅप संग्रहात ठेवा, वापरू नका.

मूळ निपल काढून जपून ठेवा आणि बार उडवायला नवी बसवा. जुनं निपल वरून चेचलेलं असतं, शिवाय त्याचं भोक झिजून मोठं झालेलं असतं. त्यातून मागे येणारा वायू घोडा उचलतो आणि फुटलेली कॅप यंत्रणेत ओढली जाते. नव्या निपलचं भोक ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असावं. आटे मोजल्याशिवाय नवं निपल कधीच जोराने फिरवू नका. मेट्रिक निपल जबरदस्तीने घुसवून कायमचे खराब केलेले मूळ सिलिंडर विक्रीला भरपूर येतात. अडकलेलं निपल काढायला भिनणारं तेल लावून दोन-चार दिवस थांबा. घाई केली तर त्याच्या चपट्या बाजू गोल होतात.

भरणी

चेंबरांतलं तेल कोरड्या फडक्याने, मग अल्कोहोलने पुसा. तेल उरलं तर दारू भिजते आणि पहिला बार फुसका जातो. आता नुसत्या कॅप चढवून, नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून एकेक फोडा. पातं हललं की त्या निपलची वाट मोकळी आहे. हललं नाही तर बारीक तारेने साफ करून पुन्हा.

दारू घरूनच छोट्या नळ्यांत एकेका बारापुरती मोजून न्या. दारूची शिंगाडी किंवा फ्लास्क थेट चेंबरवर उपडी करू नका. चेंबरमध्ये जळता कण राहिलेला असेल तर हातात पाव किलो दारूचा स्फोट होतो.

घोडा अर्ध्यावर, रिव्हॉल्व्हर स्टँडवर, तोंड वर आणि आपल्यापासून दूर. एका चेंबरमध्ये दारू, तिच्यावर रवा किंवा ग्रीस लावलेला लोकरी वॅड (चकती). गोळीचा ओतकामातला चपटा ठिपका बरोबर वर ठेवून ती तोंडावर टेकवा, सिलिंडर फिरवून लिव्हरखाली आणा आणि एका सलग, संथ दाबात ठासा. झटका देऊ नका. प्रत्येक चेंबरला दाब सारखा ठेवला की बारांचा वेगही सारखा राहतो. ठासल्यावर गोळी सिलिंडरच्या तोंडापेक्षा किंचित आत हवी, नाहीतर सिलिंडर नळीला अडून फिरणारच नाही. मूळ लिव्हरचा स्क्रू आणि सांधा नाजूक असतो, त्यामुळे सिलिंडर काढून वेगळ्या छोट्या प्रेसवर भरणं उत्तम.

वॅड नसेल तर गोळ्यांवर ग्रीस थापा: मधमाशांचं मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल, उन्हाळ्यात मेण जास्त. पेट्रोलियमचं ग्रीस नको. काळ्या दारूच्या राखेत ते डांबरासारखं चिकटतं.

कॅप सगळ्यात शेवटी, निशाणाच्या रेषेवर उभं राहून, नळी लक्ष्याकडे ठेवूनच. बोटाने नव्हे, लाकडी दांडीने दाबून बसवा. जवळ बाळगण्याच्या काळात सहापैकी पाचच चेंबरं भरून घोडा रिकाम्यावर ठेवत. रेमिंग्टनच्या सिलिंडरवर निपलांच्या मध्ये घोडा टेकवायला खाचा आहेत, तरी भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन हिंडायचं कारणच नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, आणि सिलिंडरच्या फटीसमोर दुसऱ्या हाताचं बोट कधीच नको.

नेम

कोल्टची मागची नेमखाच घोड्याच्या डोक्यावर असते आणि तिचा नेम लांब पल्ल्याला जुळवलेला. २५ मीटरवर ती सहज वीतभर वर मारते. मूळ नगाची खाच किंवा माशी (नळीच्या टोकावरचं नेमाचं टोक) कानशीने घासू नका. लक्ष्याच्या खालच्या कडेखाली नेम धरा आणि किती खाली ते एकदा टेकू देऊन ठरवा. दारूचं प्रमाण ठरवायलाही टेकू हवा: खालच्या मर्यादेपासून सुरू करून एकेक ग्रेन वाढवत पाच-पाच बार, आणि ज्या प्रमाणाला भोकं सर्वात जवळ येतील तिथे थांबा. आंतरराष्ट्रीय ठासणी-नेमबाजी संघटनेच्या ‘मॅरिएट’ स्पर्धेत २५ मीटरवर १३ बार असतात आणि त्यातले उत्तम १० धरतात. सरावाला हाच साचा चांगला.

नेम काही केल्या जमत नसेल तर चेंबर आणि नळीची मापं जुळवून बघा. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून ढकलून काढा आणि मोजा. चेंबरचं तोंड नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा लहान असेल तर गोळी नळीत सैल जाते. कोल्टच्या नळीत सात खाचा, म्हणजे एका खाचेसमोर उंचवटा येतो. नुसत्या व्हर्निअरने खरा व्यास कळत नाही, व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) लागतो. प्रतिकृतीची चेंबरं रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) जुळवता येतात. मूळ नगात मात्र मोठी गोळी वापरून बघणं एवढाच मार्ग.

काय बिघडतं

एका बाराबरोबर शेजारची चेंबरंही उडणं, यालाच ‘चेन फायर’ म्हणतात. आग समोरून, सैल किंवा खोट असलेल्या गोळीच्या कडेने शिरते, किंवा मागून, सैल कॅप गळून पडलेल्या उघड्या निपलातून. ग्रीस मदत करतं, पण खरा अडसर अखंड शिशाच्या कडीचा आणि घट्ट कॅपचा. ग्रीस दोन बारांतच उष्णतेने वाहून जातं.

फुटलेल्या कॅपचा तुकडा घोड्यापुढच्या खाचेतून आत पडून यंत्रणा अडकवतो. कोल्टची ही जुनी खोड. घोडा चढवताना नळी वर उचलून किंचित उजवीकडे कलती करा, अर्थात रेंजचे नियम सांभाळून. तुकडा बाहेर पडतो. घोड्याची मुख्य स्प्रिंग मऊ झाली असेल तर हे वाढतं.

कॅप फुटली पण बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडे तशीच धरून पूर्ण मिनिट थांबा. मग निपल तारेने साफ करून नवी कॅप लावा. बारीक ‘फुस्स’ आवाज आला आणि कागदावर भोक दिसलं नाही, तर पुढचा बार उडवू नका. सगळ्या कॅप काढा, सिलिंडर उतरवा, नळीत गज घालून बघा.

चौथ्या-पाचव्या फेरीला सिलिंडर जड झाला तर ओल्या फडक्याने सिलिंडरचं तोंड आणि दांडा पुसा, थोडं ग्रीस लावा. रेमिंग्टनला हे दर दोन फेऱ्यांना करावं लागतं.

सफाई

त्याच दिवशी. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि दमट हवेत एका रात्रीत तांबूस गंज धरतो.

कोल्ट: घोडा अर्ध्यावर, पाचर उजवीकडून डावीकडे लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने हलकेच. पाचरीचं उजवीकडचं स्प्रिंगचं टोक आधी दाबा, आणि डाव्या बाजूचा स्क्रू ती पूर्ण पडू नये म्हणूनच असतो. नळी निघत नसेल तर सिलिंडर असा फिरवा की लिव्हरचं टोक दोन चेंबरांमधल्या भिंतीवर येईल. लिव्हर दाबली की नळी पुढे सरकते. रेमिंग्टन: घोडा अर्ध्यावर, लिव्हर थोडी खाली, पिन पुढे, सिलिंडर बाजूने.

लाकडी मूठ काढून ठेवा, तिला पाणी नको. निपल काढा. नळी आणि सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यात, नायलॉनच्या ब्रशने, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग उकळतं पाणी ओता. गरम झालेलं लोखंड स्वतःच सुकतं. खाचांत राहिलेलं पाणी हवा फुंकून काढा, लगेच तेलाचा पातळ हात. निपलच्या आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय परत बसवू नका. सांगाड्याच्या आत दर वेळी शिरायची गरज नाही. वर्षाकाठी दोन-तीनदा उघडून, कॅपचे तुकडे काढून, सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची बारीक स्प्रिंग तपासली तर पुरे. कोल्टमध्ये सगळ्यात आधी तुटते ती हीच, तेव्हा सुटी एक जवळ असू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळीतून फडकं फिरवा. ते तपकिरी आलं तर धुण्यात काहीतरी राहिलंय.

ठेवण

कातडी होल्स्टरमध्ये ठेवू नका. कातडं ओलावा आणि कमावणीतली आम्लं धरून ठेवतं, पितळावर हिरवट थर आणतं आणि लोखंडाला नेमका शिवणीच्या रेषेत गंज देतं. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. हाताळताना सुती किंवा नायट्राइल हातमोजे. घामाच्या बोटाचा ठसा महिनाभरात गंजून उमटतो. न वापरायच्या नगाला तेलापेक्षा सूक्ष्म स्फटिकी मेणाचा पातळ थर चांगला, त्यावर धूळ बसत नाही आणि लाकडात तो मुरत नाही.

मूळ पेटीसह मिळालेल्या संचात गोळ्या, साचा, फ्लास्क आणि कॅपची डबी असते. फ्लास्कमध्ये दारू शिल्लक आहे का ते आधी बघा. असेल तर पाण्यात बुडवून निकामी करा. पेटी ओकची असेल तर लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि बंद झाकणाखाली गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती विषारी आहे, फुंकर मारू नका. गोळ्या पेटीतून काढून झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, पेटीत कोणत्या कप्प्यात किती होत्या त्याचा फोटो आधी काढून. मुख्य स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून घोडा नेहमी उतरवलेला, आणि बारीक दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर नगाचा क्रमांक, चेंबरचं मोजलेलं माप आणि बदललेले भाग लिहिलेले. काढलेली मूळ निपल त्याच चिठ्ठीबरोबर, तेलात बुडवलेल्या कागदात गुंडाळून.